आवाज बसलेली सासू आणि दोन बजरीगर

माझा नवरा मांडव्याच्या जेटीवर रिक्षा चालवतो. रिक्षात माणसं काय काय विसरून जातात, त्याचं आमच्या घरात एक फडताळ भरलंय. गॉगल, चार्जर, लहान मुलांच्या चपला, एकदा तर कुणाचा तरी इस्त्री केलेला पायजमा. पण पाखरं कुणी विसरलं नव्हतं, ती दिलेली होती. किहीमला कॉटेज घेऊन महिनाभर राहिलेलं मुंबईचं एक कुटुंब परत निघालं होतं, आणि बोटीत पिंजरा न्यायचा त्यांना कंटाळा आला. जेटीवर उतरताना त्या बाई म्हणाल्या, "दादा, तुमच्याकडे लहान मुलं असतील ना? त्यांना खेळायला ठेवा."

आमच्याकडे लहान मूल नाही. एकुलती मुलगी पुण्याला नर्सिंग शिकते. पण नवऱ्याला समोरच्या माणसाला नाही म्हणता येत नाही, हा त्याचा जुना आजार. भर दुपारी तो एका हातात रिक्षाची चावी आणि दुसऱ्या हातात गुलाबी रंगाचा गोल पिंजरा घेऊन दारात उभा राहिला. पिंजऱ्यात मुठीएवढी दोन पाखरं एकमेकांना चिकटून बसली होती. एक पोपटी, डोक्याला पिवळं. दुसरं आभाळी, डोक्याला पांढरं.

माझ्या सासूबाई तेव्हाच बाजारातून आल्या होत्या. पडवीत पाय धूत होत्या. त्यांनी पिंजऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "खायाची न्हायत, इकायची न्हायत. मंग आणली कशाला?"

त्यांनी साधाच प्रश्न विचारला होता. पण सासूबाईंचा साधा प्रश्न तिसऱ्या घरात ऐकू जातो. दोन्ही पाखरं उडाली, गजांवर आपटली, खाली पडली आणि पुन्हा आपटली. पिसं पडवीभर झाली.

सासूबाईंच्या आवाजाबद्दल आधी सांगायला हवं. अलिबागच्या मच्छी बाजारात त्या पस्तीस वर्षं बसतात. जागा आतल्या रांगेत, त्यामुळे गिऱ्हाईक बाहेरूनच ओढून आणावं लागे, आणि ते त्या नुसत्या आवाजाने आणत. तोच आवाज घरी. फोनवर बोलायला लागल्या की नवरा म्हणायचा, "आये, फोन ठेव, तशीच बोल, ऐकू जातंय तिकडं." लग्न होऊन मी या कोळीवाड्यात आले तेव्हा पहिले सहा महिने मी त्या आवाजाला भिऊन भांडी घासायची. मग सवय झाली, आणि हळूहळू मीही उलट बोलायला शिकले. आमच्या घरात भांडण नसलं तरी भांडण चालल्यासारखं वाटायचं.

पाखरं मात्र सवय करून घेईनात. चार दिवस झाले तरी कुणी जवळ गेलं की आपटाआपटी. आम्ही आत गेलो की तेवढ्यात दोन दाणे टिपायची. पोपटी पाखराच्या चोचीवरची कातडी सोलून निघाली होती.

मी कोर्टाच्या समोर टायपिंगचं काम करते. प्रतिज्ञापत्र, भाडेकरार, कुणाचे अर्ज. माझ्या टेबलाच्या शेजारच्या गाळ्यात एक वयस्कर टेलरचाचा आहेत, ते वकिलांचे काळे कोट शिवतात. त्यांच्या मशीनच्या वर लांबलचक पिंजरा टांगलेला असतो, आणि त्यात अशीच सात-आठ पाखरं दिवसभर किलबिलत असतात. इतकी वर्षं मी ती नुसती ऐकली होती. त्या दिवशी पहिल्यांदा उठून बघायला गेले आणि म्हटलं, "चाचा, आमच्याकडे पण आलेत लव्हबर्ड."

चाचांनी दोरा तोडला. "लव्हबर्ड नाय बेटी. सगळे तेच म्हणतात. हे बजरीगर. नाक बघ. नाकावर निळं असेल तर नर, तपकिरी असेल तर मादी. तुझ्याकडची कशी आहेत?"

मी नाकं पाहिलीच नव्हती. पिंजरा कसा आहे, ते विचारल्यावर मी हाताने गोल करून दाखवलं. चाचांनी कपाळाला हात लावला.

"गोल पिंजऱ्यात पाखराला कोपरा मिळत नाय. भिऊन जायचं कुठं त्यानं? लांब पिंजरा कर, उंच नको, लांब. ते उभं उडत नाय, आडवं उडतं. आणि एक भिंत पाठीला दे. चहूबाजूंनी उघडा टांगलास तर ते जन्मभर दचकत राहील."

मग त्यांनी कोटाची मापं सांगावीत तसं एकेक करून सगळं सांगितलं. स्वयंपाकघरात ठेवायचा नाही, धूर लागतो. सकाळचं कोवळं ऊन हवं, दुपारचं नको. बसायला प्लास्टिकच्या दांड्या काढून टाकायच्या, पेरूच्या फांद्या लावायच्या, एक जाड, एक बारीक, म्हणजे पाय दुखत नाहीत. नवी जाळी आणली तर आधी व्हिनेगरने घासून धुवायची. खायला राळे, थोडी बाजरी, थोडं साळीचं भात, आणि हिरवं काहीतरी रोज, कोथिंबीर नाहीतर पालक. मीठ लागलेलं काही नाही. "आणि जल्दी नको," ते शेवटी म्हणाले. "पाखराला तुझी जल्दी पहिली दिसते. तू नंतर दिसतेस."

नवऱ्याने दोन संध्याकाळ खपून पिंजरा केला. तीन फूट लांब, लाकडी चौकट, बारीक जाळी, खाली ओढून काढता येईल असा पत्रा. पडवीच्या आतल्या भिंतीला टांगला, छताजवळ, कारण कोळीवाड्यात माणसांपेक्षा मांजरी जास्त आहेत. टांगायच्या तारेला मधोमध एरंडेल चोपडलं, मुंग्या उतरू नयेत म्हणून. पेरूच्या फांद्या शेजारणीच्या झाडाच्या. जुन्या पिंजऱ्याचं दार नव्या पिंजऱ्याच्या दाराला लावून आम्ही आत जाऊन बसलो. तासाभराने खिडकीतून बघते तर दोघं नव्या फांदीवर, आणि पोपटी, निळ्या नाकाचा म्हणजे नर, या टोकापासून त्या टोकापर्यंत उडत होता. तीन फुटांचंच उड्डाण, पण त्याने ते पुन्हा पुन्हा केलं.

चाचांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती म्हणजे समुद्रफेस. चोच घासायला आणि अंड्यांसाठी चुना मिळायला पिंजऱ्यात तो लावायचा. मी अलिबागच्या दुकानातून पाकिटात बंद केलेला आणला. सासूबाईंनी पाकीट उलटसुलट केलं, आतला पांढरा, होडीच्या आकाराचा तुकडा बघितला, आणि त्यांना असं हसू फुटलं की पाखरं पुन्हा जाळीवर आपटली.

"अगो, हे माकुलाचं हाड! इकत आणलंस? रोज ढिगानं फेकतंय मी!"

दुसऱ्या दिवशी बाजारात माकूल मासा साफ करून उरलेले टोपलीभर तुकडे त्या घेऊन आल्या. आमच्या हयातीत संपणार नाहीत एवढे. चाचांना विचारलं तर म्हणाले, गोड्या पाण्यात चार दिवस भिजव, पाणी रोज बदल, म्हणजे खारटपणा जाईल, मग उन्हात खडखडीत वाळव. बोंबील वाळवायच्या बांबूंवर एका बाजूला बोंबील आणि दुसऱ्या बाजूला माकुलाची हाडं अशी आठवडाभर शोभा होती. मादीने पहिल्याच दिवशी त्यातलं एक अर्धं कोरून टाकलं.

पिंजरा झाला, खाणं झालं. माणसाळणं मात्र होईना. मी रोज कामावर जायच्या आधी स्टुलावर चढून पिंजऱ्यात हात घालून उभी राहायची, तळहातावर राळे घेऊन. घड्याळाकडे एक डोळा, एसटीकडे एक कान. नर टोकाला जाऊन बसायचा. एकदा मी हात थोडा पुढे सरकवला तर मादीने बोटाला असा चावा घेतला की रक्त आलं. चाचांना बोट दाखवलं. ते म्हणाले, "जल्दी." एवढंच.

याच सुमारास सासूबाईंचा आवाज फाटायला लागला. आधी सकाळी घोगरा असायचा, मग दिवसभर. त्या गरम पाणी प्यायच्या, खडीसाखर चघळायच्या, आणि पुन्हा बाजारात जाऊन ओरडायच्या. एका सकाळी तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. मी त्यांना डॉक्टरकडे नेलं. घशात नळी घालून डॉक्टरांनी पाहिलं आणि सांगितलं की ओरडून ओरडून स्वरतंतूंवर गाठी आल्या आहेत. साध्या आहेत, काळजीचं काही नाही, पण काढाव्या लागतील. छोटी शस्त्रक्रिया. त्यानंतर दोन आठवडे एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंही नाही. मग रोज पाच मिनिटं, हळू. आणि ओरडणं तीन महिने पूर्ण बंद.

सासूबाईंनी डॉक्टरांकडे असं पाहिलं, जणू त्यांनी ताजी सुरमई हातात घेऊन शिळी म्हटली होती.

शस्त्रक्रिया नीट झाली. घरी आल्यावरचे पहिले तीन दिवस त्यांनी रागात काढले. बाजारातल्या जागेवर भावजय बसायला लागली होती, त्याचा राग. भेटायला बायका यायच्या, तोंडाला येईल ते बोलायच्या आणि यांना एकीलाही उत्तर देता यायचं नाही, त्याचा राग. मी एक वही-पेन दिलं. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या, अक्षर मोठं आणि एकेक अक्षर जोर देऊन काढलेलं. जेवता जेवता पहिल्या पानावर त्यांनी लिहिलं: "मीट कमी हाय."

चौथ्या दिवशी बायकांना कंटाळून त्या पडवीत पिंजऱ्याखाली खुर्ची टाकून बसल्या. तिथे बसलं की लोकांना वाटायचं आराम चाललाय, मग कुणी बोलायला यायचं नाही. मांडीवर तांदळाचं सूप घेऊन खडे निवडत बसायच्या. मी कामाला, नवरा जेटीवर. घरात त्या आणि पाखरं.

आठव्या-नवव्या दिवशी मी संध्याकाळी घरी आले आणि अंगणातूनच हाक मारली, "आई, चहा घेतलात का?" तर सासूबाईंनी पडवीतून झटक्यात ओठांवर बोट ठेवलं. मला! गप्प म्हणून! एकवीस वर्षांत त्या घरात मला पहिल्यांदा कुणीतरी हळू बोल म्हणत होतं, आणि ते कोण, तर त्या. मी चपला हातात घेऊन आत आले. पिंजरा त्यांनी नवऱ्याकडून दिवसापुरता खाली, बसल्यावर खांद्याला लागेल इतका, टांगून घेतला होता. त्यांचा खांदा जाळीला टेकलेला. आणि त्या खांद्यापासून चार बोटांवर नर डोळे मिटून, पिसं फुलवून, चोचीची दोन्ही टोकं एकमेकांवर घासत बसला होता. चाचा सांगायचे, पाखरू झोपेच्या आधी चोच घासतं ते त्याला बरं वाटत असतं म्हणून.

पुढचं सगळं त्यांनी माझ्याशी सल्ला न करता केलं. वहीत एकच प्रश्न लिहून चाचांकडे पाठवला: "हात कवा घालू." चाचांनी खाली पेन्सिलीने उत्तर लिहिलं: "ते तुमच्याकडे बघून खायला लागले की." मी टपालासारखी ती वही नेली आणि आणली.

बाराव्या दिवशी मला कोर्टात उशीर झाला. एका जमिनीच्या दाव्याचं लांबलचक काम आलं होतं. घरी पोचले तेव्हा उन्हं तिरपी झाली होती. सासूबाई खुर्चीवर ताठ बसलेल्या, उजवा हात कोपरापर्यंत पिंजऱ्यात, आणि तळहातावर पोपटी नर. आजूबाजूला राळ्याची टरफलं. तो दाणा उचलायचा, सोलायचा, टरफल टाकायचा, दुसरा उचलायचा. मादी त्यांच्या मनगटाजवळच्या फांदीवर मान वाकडी करून बघत होती, जावं की न जावं.

सासूबाईंनी डोळे फिरवून मला पाहिलं. खांदे हलायला लागले. त्या हसत होत्या, आवाज न करता, आणि डोळ्यांतून पाणी गालावर ओघळत होतं, आणि हात मात्र तसूभर हलत नव्हता. मग मादीनेही ठरवलं. ती मनगटावर उतरली, हिरव्या बांगड्यांवर एकदा चोच मारून बघितली आणि तळहातावर गेली.

पाखरं उडून गेल्यावर त्यांनी हात बाहेर काढला तर तो त्यांना खाली घेता येईना. मुंग्या आल्या होत्या. मी चोळून देत होते तेव्हा डाव्या हाताने त्यांनी वहीत लिहिलं: "चार वाजल्यापासून." सव्वापाच झाले होते. मी म्हटलं, "अहो, मग काढायचा ना हात." त्यांनी लिहिलं: "तू बघायची व्हतीस."

मी चहा ठेवला. का कोण जाणे, त्या संध्याकाळी मी त्यांच्याशी बोलतच बसले. त्या मध्ये तोडू शकत नव्हत्या, हे कारण असेल. मी सांगितलं की मी नवी आले तेव्हा त्यांच्या आवाजाला इतकी भ्यायची की त्या बाजारातून यायच्या वेळेला मोरीत जाऊन बसायची. हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. त्यांनी ऐकलं. वही पुढे ओढली. मग एकेक अक्षर दाबून लिहिलं: "मी माज्या सासूला भ्यायची. ती बोलायचीच न्हाय." त्याखाली थोडी जागा सोडून: "म्हनून मी बोलते."

ते पान मी फाडून ठेवलंय.

पंधराव्या दिवशी पाच मिनिटांची परवानगी मिळाली. नवऱ्याने मोबाईलवर वेळ लावली. पुण्याहून मुलगी व्हिडिओ कॉलवर होती. आम्ही सगळे समोर बसलो. सासूबाईंनी घसा न खाकरता (खाकरायची बंदी होती) अगदी बारीक आवाजात सांगितलं, "दोन मिन्टं तुमची, तीन पाखरांची."

आमच्या दोन मिनिटांत त्यांनी पंधरा दिवसांत साठलेल्या तक्रारी सांगितल्या. चहात साखर कमी, भावजय बाजारात कोलंबी नीट मांडत नाही, मुलाने केस कापले नाहीत. मुलगी फोनवर रडत होती आणि हसत होती. मग त्या उठून पडवीत गेल्या. तीन मिनिटं त्या पाखरांशी काय बोलल्या ते आम्हाला ऐकू आलं नाही. आमच्या घरात कुणाचं बोलणं ऐकू न येण्याची ती पहिलीच वेळ.

त्यानंतर पाखरांना बाहेर सोडायचा कार्यक्रम सुरू झाला. रोज साडेचार ते साडेपाच, मधली खोली. खिडक्या बंद, पंखा बंद, आरशावर टॉवेल, देवघरासमोरचा दिवा विझवलेला. बोट पोटाला हळूच टेकवलं की नर त्यावर चढायला शिकला होता. पहिल्या दिवशी त्याने खोलीला चार फेऱ्या मारल्या, ट्यूबलाइटवर बसायला गेला, घसरला आणि सरळ सासूबाईंच्या अंबाड्यावर उतरला. अंबाड्यात आमच्याच अंगणातली अबोली होती. त्याने पहिली पाकळी खाल्ली. मग दुसरी. सासूबाई आरशावरचा टॉवेल काढायला सांगत होत्या, त्यांना बघायचं होतं, आणि मी हसून हसून भिंतीला टेकले होते. तेव्हापासून त्या साडेचारच्या आधी ताजी वेणी माळायला लागल्या. केस पांढरे, पण नवरीसारखी वेणी.

आणि मग माझ्या हातून ते झालं.

शनिवार होता. कोर्टाला सुट्टी, पण मी राहिलेलं टायपिंग संपवायला गेले होते. परत आले तेव्हा डोक्यात भलतंच काहीतरी होतं. वेळ किती झाली ते पाहिलं नाही. दार ढकललं. माझ्या कानाजवळून काहीतरी फर्रकन गेलं. मला वाटलं वारा. वळून बघते तर पोपटी नर अंगणावरून, बांबूंवरून, थेट शेजाऱ्याच्या नारळाच्या झापावर.

सासूबाई माझ्यामागून धावत अंगणात आल्या. त्यांनी वर पाहिलं, छाती भरून घेतली आणि तोंड उघडलं. मला पुढचं दिसलं. ती हाक निघाली असती तर पाखरू रेवसच्या बंदरापर्यंत गेलं असतं आणि घशातली जखम पुन्हा उघडली असती. मी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. आयुष्यात मी सासूच्या तोंडावर हात ठेवेन असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेडा म्हटलं असतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मान हलवली. कळलं म्हणून.

पलीकडच्या आळीत हळद होती. मांडव घातलेला, बेंजो पार्टी जोरात, बायका नाचत होत्या, स्पीकर असा की आमच्या पत्र्याची पन्हळ थरथरत होती. नर झापावर इकडून तिकडे सरकत होता, आणि दोन कावळे विजेच्या खांबावर येऊन बसले होते. नवरा नुकताच घरी आलेला. मी त्याला म्हटलं, "आवाज बंद करायला सांगा." तो म्हणाला, "हळदीचा?" आणि माझा चेहरा बघून पळाला.

त्याने तिथे काय सांगितलं ते मला माहीत नाही. पण कोळीवाड्यातली हळद मध्यातच थांबली. एकदम. समुद्राचा आवाज ऐकू यायला लागला. मग माणसं यायला लागली. हळदीने माखलेले हात, पिवळे झालेले कपडे, बेंजोवाला गळ्यात वाद्य अडकवूनच, नवरदेवसुद्धा पाटावरून उठून आला. शंभरेक माणसं गल्लीत उभी राहिली आणि कुणी एक अक्षर बोलेना. ज्या बायका सासूबाईंच्या शेजारी बसून बाजार डोक्यावर घेतात, त्या पदर तोंडात धरून उभ्या होत्या. एकाने कावळ्यांना हाकलायचं म्हणून हात वर केला, तो बायकोने खाली ओढला. मग तो नुसताच लांब जाऊन खांबाखाली बोंबलाचे तुकडे टाकत बसला. कावळे तिकडे उतरले.

मी मादीचा पिंजरा आणून अंगणात स्टुलावर ठेवला. मादीला एकटं पडल्याचं कळलं होतं, ती सारखी हाका मारत होती, टीव टीव टीव. वरून उत्तर यायचं. सासूबाई पिंजऱ्याशेजारी उभ्या राहिल्या, तळहातावर राळ्याचं कणीस, हात पुढे. हालचाल नाही. आधी जरा वेळ काहीच झालं नाही. मग नर झापावरून बांबूवर उतरला. बांबूवरून तारेवर. तारेवर बसून त्याने एवढी सगळी माणसं पाहिली, आणि मला वाटलं, गेला. तेवढ्यात सासूबाई बोलल्या. त्यांच्या पाच मिनिटांतलं त्या दिवसाचं शिल्लक होतं ते बारीक बोलणं, जे त्या त्याच्याशी रोज बोलायच्या. त्या दिवशी मला पहिल्यांदा ऐकू आलं. "ये रे माज्या राजा. भूक लागली ना? ये. अबोली हाय, राळं हाय. ये."

तो कणसावर आला नाही. सरळ अंबाड्यावर आला आणि अबोली खायला लागला.

सासूबाई मान न हलवता वळल्या. डोक्यावर भरलेली घागर असावी अशा चालीने, एकेक पाऊल, त्या अंगणातून पडवीत आणि पडवीतून खोलीत गेल्या. मी मागून पिंजरा घेऊन शिरले. नवऱ्याने दार लावलं. बाहेर अजूनही शांत. आत सासूबाई खुर्चीवर बसल्या, नर त्यांच्या डोक्यावर, आणि अगदी हळू म्हणाल्या, "आता वाजवा म्हणावं."

नवऱ्याने खिडकीतून हात दाखवला. त्यानंतर गल्लीत जो गोंधळ झाला तो मला लिहिता येणार नाही. बेंजोवाल्याने जागेवरूनच सुरुवात केली, आणि हळद मांडवात परत जायच्या ऐवजी आमच्या दारात अर्धा तास नाचली. मी भिंतीला टेकून खाली बसले आणि म्हटलं, "आई, माझं चुकलं." त्या म्हणाल्या, "कडी आतून लावाला मी इसरले. तुझं निम्मं." आणि पदराने माझं तोंड पुसलं.

सासूबाईंचा आवाज तीन महिन्यांनी परत आला, पण पूर्वीचा नाही. थोडा खरखरीत, आणि ओरडलं की फाटतो. त्या बाजारात जायला लागल्या तेव्हा मला धास्ती होती. एकदा बघायला गेले. त्या टोपलीमागे शांत बसल्या होत्या आणि शेजारचीच त्यांच्यासाठीही ओरडत होती. बदल्यात त्या तिचीही कोलंबी सोलून देत होत्या. घरी मात्र आता आम्ही तिघंही हळू बोलतो. नवरा म्हणतो, घरात कुणी आजारी असल्यासारखं वाटतं. पण त्याला सवय झाली आहे.

गेल्या पावसाळ्यानंतर चाचांनी बाजूला भोक असलेलं एक मडकं दिलं. पाखरं वर्षाची झाली, आता लाव, म्हणाले. आत लाकडाचा थोडा भुसा घातला. आठ दिवसांत मादी मडक्यात दिसेनाशी झाली आणि नर भोकाशी बसून तिच्या चोचीत घास भरवायला लागला. सासूबाई दोघांसाठी मोड आलेले राळे आणि उकडलेलं अंडं कुस्करून द्यायच्या. अंडी पाच झाली, एक दिवसाआड एकेक. चार फुटली. पिल्लं आधी गुलाबी, बोडकी, बघवत नव्हती. मग पिसांची खोडं फुटली, मग एके सकाळी मडक्याच्या भोकातून एक पिवळं तोंड बाहेर डोकावलं.

आता ती बाहेर आली आहेत. दोन पोपटी, एक आभाळी, एक पिवळं. जन्मापासून सासूबाईंचा हात बघितल्यामुळे त्यांना माणसाची भीती कशी ती माहीतच नाही. आज सकाळी नवरा निघायच्या घाईत होता, बोटीची वेळ झालेली, जेटीवरून दोनदा फोन आला. मी आतून विचारलं, "गेलात का?" उत्तर नाही. पडवीत येऊन पाहिलं तर तो पिंजऱ्यापाशी तळहात उघडा धरून उभा. हातात ते पिवळं पिल्लू, मान पाठीत खुपसून गाढ झोपलेलं.

"चावी माझ्या खिशातून काढ," तो कुजबुजला, "आणि शेजारच्याला दे, सांग त्याला, आजची पहिली फेरी तू मार."